चार लेख, शून्य प्रतिसाद: नक्की कुठं अडलंय ते कसं शोधायचं

मी ज्या मराठी संकेतस्थळांवर लिहितो, तिथं महिन्यातून एखादा तरी व्यनि (खासगी निरोप) असा येतोच. शब्द थोडे इकडचे तिकडे, पण मजकूर तोच. "दोन महिन्यांत चार लेख टाकले. एकावर दोन प्रतिसाद, त्यातला एक नुसता 'पुलेशु' (पुढील लेखनास शुभेच्छा). माझं लिखाण वाईट आहे का? की इथं ओळखीच्यांचंच वाचतात?" मी उत्तर देतो, दोन-तीन निरोपांची देवाणघेवाण होते, आणि बहुतेकदा तो आयडी पुन्हा दिसत नाही. पाचवा लेख येतच नाही.

पंधरा-सोळा वर्षं मी मराठी संकेतस्थळांवर वाचतोय, लिहितोय, आणि या न आलेल्या पाचव्या लेखांचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यांतली मायबोली सुरू झाली १९९६ च्या गणेशचतुर्थीला, मिसळपाव २००७ च्या. इतक्या वर्षांत कितीतरी चांगले हात चार लेखांवर थांबले असतील. ज्यांचं नाव दिसलं की आज मी हातातलं काम ठेवून लेख उघडतो, अशा काही जणांचे अगदी पहिले धागे, म्हणजे लेख आणि त्यांखालचे प्रतिसाद, मी मुद्दाम शोधून वाचले. तिथंही तीन नाहीतर चार प्रतिसाद. ते थांबले नाहीत, आणि त्यांनी मधल्या काळात काय केलं हे त्यांच्या जुन्या प्रतिसादांतून दिसतं. तेच सगळं इथं क्रमानं मांडतोय. सुरुवातीच्या गोष्टी पाच मिनिटांत तपासून होतात, पुढच्यांना महिने लागतात. क्रम बदलू नका, कारण लेख लोकांना दिसतच नसेल तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

लेख दुसऱ्याला दिसतोय का?

लॉगआउट करा, किंवा फोनवर इनकॉग्निटो खिडकी उघडून लेखाचा दुवा टाका. मायबोलीवर लेख ग्रुपमध्ये लिहिला जातो, आणि तो 'सार्वजनिक' करायचा राहिला तर त्या ग्रुपच्या सभासदांपलीकडे कोणालाही दिसत नाही. लिहिणाऱ्याला मात्र तो नीट दिसत असतो, त्यामुळे शंका येत नाही. मला व्यनि करणाऱ्यांपैकी निदान तिघांचा प्रश्न एवढ्यानं सुटला होता. संपादनात जाऊन लेख सार्वजनिक करायचा, बस.

फोटो असतील तर तेही याच खिडकीत बघा. गुगल फोटोजमधून उचललेला दुवा तुम्ही तुमच्या खात्यात शिरलेले असता म्हणून तुम्हाला दिसतो. अल्बम सगळ्यांसाठी खुला नसेल तर वाचकाला रिकामी चौकट दिसते. भटकंतीच्या लेखात बारा रिकाम्या चौकटी आल्या की माणूस खाली वाचत जात नाही. शक्य असेल तिथं फोटो संकेतस्थळाच्याच साठवणीत चढवा. बाहेरच्या सेवेवर ठेवलेले फोटो पुढं कधी जातील सांगता येत नाही: २०१६ मध्ये पिकासाचे वेबअल्बम बंद झाले आणि २०१७ मध्ये फोटोबकेटनं दुसऱ्या संकेतस्थळांवर फुकट फोटो दाखवणं थांबवलं, तेव्हा गडकिल्ल्यांवरचे आणि पाककृतींचे कित्येक जुने धागे नुसत्या मजकुराचे उरले.

डीटीपीवाल्याकडून टंकून आणलेला जुना लेख चिकटवला असेल तर अक्षरं तपासा. कृतिदेव किंवा श्रीलिपीतला मजकूर युनिकोडमध्ये बदलून न घेता टाकला, की ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला रोमन अक्षरं आणि खुणांची खिचडी दिसते. बदलून देणारी साधनं फुकट मिळतात. बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घाला, गडबड बहुतेक तिथंच होते.

स्वतःचा ब्लॉग असेल तर आणखी चार जागा बघायच्या. वर्डप्रेस डॉट कॉमवरची नवी साइट तुम्ही स्वतः 'सुरू' करेपर्यंत बाहेरच्यांना 'लवकरच येत आहे' एवढंच दाखवते. ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोन्हींच्या सेटिंगमध्ये शोधयंत्रांना ब्लॉग दाखवायचा की नाही याची खूण असते, ती नकळत उलटी पडलेली असू शकते. खात्री करायची तर गुगलमध्ये इंग्रजीत 'साइट' (site) लिहून, पुढं कोलनची खूण (:) आणि त्याला चिकटून ब्लॉगचा पत्ता टाका. तुमची पानं यादीत आली तर ठीक. अगदी कालचा लेख लगेच दिसणार नाही, त्यानं घाबरू नका.

तिसरी जागा दुव्याची, आणि ही खास आपल्या लिपीची अडचण आहे. ब्लॉगरला देवनागरी शीर्षकातून पत्ता बनवता येत नाही, म्हणून प्रत्येक लेखाचा पत्ता 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढं एखादा आकडा असा होतो. वर्डप्रेस देवनागरी पत्ता बनवतं, पण पाठवताना त्यातलं प्रत्येक चिन्ह नऊ रोमन चिन्हांचं होतं. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात, आणि दोनशे चिन्हांवर पत्ता तोडला जातो. म्हणजे बावीस देवनागरी चिन्हांत शीर्षक संपलं नाही तर पुढचं कापलं. व्हॉट्सअ‍ॅपवर असा टक्क्यांच्या खुणांनी भरलेला लांबलचक दुवा आला की लोक त्याला फसवा समजून हात लावत नाहीत. उपाय: प्रसिद्ध करायच्या आधीच पत्ता हातानं रोमन लिपीत दोन-तीन शब्दांचा लिहा. ब्लॉगरवर हे आधीच करायला हवं. नंतर बदलायचं तर लेख मसुद्यात परत न्यावा लागतो.

चौथी जागा जुन्या ब्लॉगवाल्यांसाठी. 'ईमेलनं अनुसरण करा' ही ब्लॉगरवरची पेटी ज्या फीडबर्नर सेवेवर चालायची, तिची मेल पाठवण्याची सोय गुगलनं २०२१ मध्ये बंद केली. ब्लॉगांवरचे नवे लेख एका जागी दाखवणारा गुगल रीडर तर २०१३ च्या १ जुलैलाच गेला. कोणाच्या ब्लॉगवर आजही ती पेटी असेल, तर वाचक तिथं पत्ता टाकतो, आणि त्याला पुढं कधीच काही येत नाही. पेटी काढा. त्या जागी आजही चालणारी एखादी मेल-सेवा किंवा व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल ठेवा, आणि स्वतःचा दुसरा पत्ता टाकून मेल खरंच येते का ते बघा.

यादीत तुमची एकच ओळ असते

'नवीन लेखन'च्या पानावर वाचकाला शीर्षक, तुमचं नाव आणि प्रतिसादांचा आकडा एवढंच दिसतं. नाव अनोळखी, आकडा शून्य. उरलं शीर्षक. तिथं जर 'आठवणी', 'मनातलं काही', 'एक विचार' असेल तर वाचकानं कशावर बोट ठेवायचं? 'माझी आजी' या शीर्षकाचे लेख शंभर असतील. 'आजीच्या फडताळातला बिब्बा' एकच. लेखातली सगळ्यात ठसठशीत वस्तू, गाव, नाहीतर प्रसंग उचलून शीर्षकात आणा.

आणि माफीनं सुरुवात करू नका. 'मी काही लेखक नाही, पहिलाच प्रयत्न आहे, चूभूद्याघ्या, सांभाळून घ्या' अशा चार ओळी नव्या लेखांच्या डोक्यावर इतक्यांदा वाचल्यात! नम्रता खरी असते, मला मान्य आहे. पण वाचकाला तुमच्याबद्दल कळणारी पहिलीच गोष्ट तुमची धास्ती असते. त्या ओळी काढा आणि पाचव्या ओळीपासून लेख सुरू करा. बहुतेकदा लेख खरा तिथंच सुरू झालेला असतो.

वेळेचं थोडक्यात. यादी ताज्या हालचालीप्रमाणे लागते, म्हणजे नवा प्रतिसाद आला की धागा वर येतो. भारतात मध्यरात्री टाकलेला लेख सकाळपर्यंत खाली गेलेला असतो. संध्याकाळी आठच्या सुमारास टाकला तर इकडे जेवणाआधीचा वेळ असतो आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मराठी वाचकांची सकाळ, साडेनऊ-साडेदहा. एका दिवशी दोन लेख टाकू नका, तुमचाच एक लेख दुसऱ्याला खाली ढकलतो. आठवड्याला एक पुरे.

आता खरं दुखणं

वरचं सगळं ठीक असूनही प्रतिसाद नसतील, तर नव्वद टक्के वेळा कारण एकच असतं, हा माझा अनुभव. लेख आलाय, पण लिहिणारा अजून आलेला नाही. लोकांनी त्याला कुठं बोलताना ऐकलेलं नाही. चाळीत नवं बिऱ्हाड आलं आणि पहिल्याच दिवशी त्यांनी गॅलरीत उभं राहून भाषण केलं, तर भाषण कितीही चांगलं असो, लोक दारं उघडत नाहीत. नळावर, जिन्यात चार वेळा बोलणं झालेलं असलं की तोच माणूस गॅलरीत काही म्हणाला तर चार डोकी बाहेर येतात. संकेतस्थळावर नळ आणि जिना म्हणजे दुसऱ्यांच्या लेखांखालचे प्रतिसाद.

एक उदाहरण सांगतो. काही वर्षांपूर्वी एका निवृत्त एसटी वाहकाचा मला व्यनि आला. त्यांचे चार लेख होते: कर्तव्य, वेळेचं महत्त्व, माणुसकी, आणि चौथा बहुधा आईवर. भाषा स्वच्छ, पण असं लिखाण कोणीही कुठंही लिहू शकतं. प्रतिसाद मिळून तीन. मी त्यांना एवढंच म्हटलं, की काका, महिनाभर लेख टाकू नका. रोज संध्याकाळी दोन धागे वाचा आणि ज्यात तुम्हाला काही ठाऊक असेल तिथं तेवढंच लिहा.

दोन आठवडे 'छान लेख', 'आवडला' असंच चाललं होतं. मग कोणीतरी पावसाळ्यात कराडहून चिपळूणला कुंभार्ली घाटानं जाण्याबद्दल विचारलं. काकांनी त्या धाग्यावर पंधरा ओळी लिहिल्या. रात्रीच्या गाडीत धुकं उतरलं की चालक काचेबाहेर डोकं काढून रस्ता शोधतो, तेव्हा वाहक दारात उभा राहून कडा सांभाळतो. आत तिकिटांची पेटी पायाशी दाबून ठेवलेली असायची, कारण ती उलटली तर किमतीप्रमाणे लावलेले गठ्ठे मिसळायचे आणि रात्रभर वेबिल, म्हणजे तिकिटांचा हिशोब, जुळायचं नाही. त्या पंधरा ओळींखाली लोक काकांशीच बोलायला लागले. पंचचा टक-टक आवाज मुद्दाम का करायचे? पेटीतली तिकिटं हरवली तर पैसे कोण भरायचं? मुक्कामी गाडी असली की झोपायचं कुठं? ज्यांनी धागा काढला होता त्यांनीच लिहिलं, की काका, यावर स्वतंत्र लेख लिहा.

काकांचा पाचवा लेख मुक्कामी गाडीवर होता. त्याला सत्तरच्या वर प्रतिसाद आले. माणूस तोच, भाषा तीच. बदललं ते एवढंच, की लोकांना हे कोण ते कळलं होतं, आणि काकांना आपल्याकडे काय आहे ते कळलं होतं. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी. आपल्या आयुष्यातलं दुसऱ्याला नवं काय आहे हे स्वतःच्या टेबलाशी बसून सहसा समजत नाही. आपल्याला ते रोजचं असतं. कोणीतरी 'म्हणजे काय?' असं विचारलं की तो विषय सापडला म्हणून समजायचं.

तेव्हा प्रतिसाद कसा लिहायचा, ते नीट सांगतो. '+१' (सहमत), 'मस्त', 'पुभाप्र' (पुढील भागाच्या प्रतीक्षेत) यांत वाईट काही नाही, लिहिणाऱ्याला हुरूप येतो. पण त्यातून तुम्ही कोण ते दिसत नाही. लेखातली एक ओळ किंवा एक तपशील उचला. त्याला तुमच्याकडची एक गोष्ट जोडा: तुमच्या गावात तो पदार्थ कसा करतात, त्या कचेरीत तो कागद कुठं अडतो. आणि खरोखर पडलेला एक प्रश्न विचारा. तीन-चार ओळी पुरतात. माझा हिशोब असा, की स्वतःच्या एका लेखामागे असे दहा प्रतिसाद. दुसऱ्याच्या धाग्यावर स्वतःच्या लेखाचा दुवा मात्र टाकू नका, अगदी विषय जुळत असला तरी. प्रतिसाद आवडला की लोक नावावर टिचकी मारून तुमचं लेखन आपणहून शोधतात.

हे सगळं वरवरचं गोड बोलणं म्हणून केलं तर कळतं. ज्या विषयात तुम्हाला खरंच रस आहे तिथंच जा. बागकाम असेल तर बागकाम, जुने हार्मोनियम असतील तर तेच. आठ-दहा जणांचा छोटा गोतावळा पुरेसा आहे, पूर्ण संकेतस्थळ जिंकायची गरज नाही.

प्रतिसाद आले, पण दोन दिवसांत धागा थंड

इथं बहुतेक वेळा लेखक स्वतः गायब असतो, नाहीतर 'सर्वांचे आभार' असं एका ओळीत उरकतो. प्रश्न विचारणाऱ्याला नाव घेऊन, नवी माहिती देऊन उत्तर द्या. मुक्कामी गाडीच्या धाग्यावर काकांची उत्तरं एकत्र केली तर मूळ लेखाएवढा मजकूर होईल, आणि लोक ती वाचायलाच परत येत होते. नुसतं 'धन्यवाद' लिहून वीस वेळा धागा वर आणणं लोकांच्या लगेच लक्षात येतं, ते टाळा.

मालिका असेल तर आणखी एक ठिकाण बघा. 'क्रमशः' लिहून भाग दोन महिन्यांनी आला तर वाचक विसरलेला असतो. निदान तीन भाग लिहून हाताशी असल्याशिवाय पहिला टाकू नका, आणि प्रत्येक भागाच्या सुरुवातीला मागच्याचा दुवा द्या.

पहिला बोचरा प्रतिसाद

चार लेखांवर थांबलेल्यांमधले काही जण शून्य प्रतिसादामुळे थांबले नव्हते. एकाच प्रतिसादानं थांबले होते. कोणी शुद्धलेखनावर बोललं, कोणी 'जिलब्या पाडू नका', म्हणजे उगाच लेखांवर लेख टाकू नका, असं म्हणालं. पहिल्यांदा ते फार लागतं. त्या रात्री उत्तर देऊ नका. सकाळी पुन्हा वाचा: त्यात दुरुस्त करण्यासारखं काही असेल तर लेखात दुरुस्त करा आणि 'दुरुस्ती केली, आभार' एवढं लिहा. काही नसेल तर त्याला वगळून बाकीच्यांशी बोलणं चालू ठेवा. लेख उडवू नका. आणि स्वतःची बाजू घ्यायला डू आयडी (दुसऱ्या नावाचं खोटं खातं) काढायचा विचार मनात आला तर तो तिथंच सोडा. लिहिण्याची ढब लपत नाही, ती ओळखणारे डोळे प्रत्येक संकेतस्थळावर असतात, आणि एकदा गेलेला विश्वास त्या नावाला परत मिळत नाही.

अनोळखी नावं वाचली जातात असे दिवस

गणेशोत्सवातल्या स्पर्धा आणि लेखमाला, २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाचे उपक्रम, दिवाळी अंकांची आवाहनं, शतशब्दकथेच्या स्पर्धा: इथं लोक एका बैठकीत सगळ्या प्रवेशिका वाचत जातात, नाव बघून निवडत नाहीत. शतशब्दकथेत शब्द मोजून शंभरच लागतात, त्यामुळे नव्या हाताला ती चांगली शिस्तही लावते. संयोजकांना स्वयंसेवक लागतात. मुद्रितशोधनाला हात वर केलात तर दोन महिन्यांत वीस लोकांशी घरोबा होतो.

जुन्या सभासदांकडेही माझं एक मागणं आहे. रविवारी सकाळी दहा मिनिटं यादीत खाली जा, आठवड्यातले शून्य प्रतिसादांचे लेख उघडा, आणि ज्यात काही सापडेल त्याला एक प्रश्न विचारा. कौतुक नको, प्रश्न. प्रश्नाला उत्तर द्यायला तो माणूस परत येतो.

सुधारतंय का, हे कशावरून कळेल?

प्रतिसादांच्या आकड्यावरून नाही. जिथं वाचनांचा आकडा दिसतो तिथं बघा: चारशे वाचनं आणि दोन प्रतिसाद असतील, तर लोक येतायत, वाचनमात्र आहेत, म्हणजे वाचतात पण लिहीत नाहीत, इतकंच. कित्येक जण वर्षानुवर्षं तसेच असतात, आणि एखाद्या कट्ट्याला, म्हणजे सभासदांच्या प्रत्यक्ष मेळाव्याला, भेटल्यावर तुमच्या लेखातली ओळ म्हणून दाखवतात. त्याहून पक्की खूण म्हणजे तेच नाव दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा दिसणं. वहीत लिहून ठेवा. पहिल्या लेखाला आलेल्यांपैकी कोण तिसऱ्याला परत आलं? असे पाच जण झाले की तुम्हाला वाचकवर्ग आहे.

स्वतःच्या ब्लॉगवर हेच मोजायचं तर वाचकांच्या मेलमध्ये आणि प्रतिसादांत पुन्हा पुन्हा दिसणारी नावं बघा. लेख व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला तर तो बहुतेक निनावी फिरतो. म्हणून नाव आणि ब्लॉगचा पत्ता फक्त शेवटी न ठेवता मजकुरात मध्येही एकदा ओवा. 'मी, अमुक, तेव्हा नांदेडला होतो' असं वाक्यातच आलेलं नाव सहसा कोणी कापत नाही.

एवढं करून तीन महिन्यांनी काहीच हललं नाही, तर मला व्यनि करा. सोबत लेखांच्या दुव्यांबरोबर तुम्ही गेल्या महिन्यात दुसऱ्यांना दिलेल्या प्रतिसादांचे दुवेही पाठवा. मी आधी ते वाचेन.